सतरा नंबर हजर

साहसासाठी नाव नोंदवताना दिगंबर आगाशे यांना एकूण तेवीस ठिकाणी सही करावी लागली. पहिल्या बावीस सह्या, साहसात काही बरंवाईट झाल्यास कोण कोण जबाबदार नाही, याबद्दल होत्या. तेविसावी सही, आधीच्या बावीस सह्या आपण स्वखुशीने केल्या आहेत, याबद्दल होती.

'बेधडक विहार' ही पुण्याची कंपनी. मुलांकडे सहा महिने राहायला अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना ती चार दिवसांच्या साहसी सहलीला नेते. तिच्या पत्रकावर कड्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचं चित्र होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'चित्र केवळ भावनेसाठी' असा खुलासा. नियमावलीतलं नववं कलम दिगंबररावांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून मुलीपुढे धरलं.

"हे बघ काय लिहिलंय. 'सहभागी सदस्य सहलीच्या काळात कोणतेही साहस करणार नाहीत.'"

"बाबा, सेफ्टीसाठी असतं ते," संध्या म्हणाली. ती ॲरिझोनात चँडलरला कॉम्प्युटर चिपच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती आणि वर्षभराची रजा तिने वडिलांना विमानतळावरून आणण्या-पोचवण्यातच संपवली होती. "आणि प्लीज, तिथे जाऊन काही करू नका हं. नुसतं एंजॉय करा."

"आजोबा, इट्स लाइक अ फील्ड ट्रिप," दहा वर्षांच्या देवने समजूत घातली. "जस्ट स्टे विथ युवर बडी."

दिगंबररावांची या सहलीकडून एकच मागणी होती. त्यांना कोलोरॅडो नदीत पाय बुडवायचे होते. चौतीस वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात काढली, तीही नद्यांच्या पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या शाखेत. पातळी एका कागदावरून यायची, ते ती दुसऱ्या कागदावर घ्यायचे. नदीकाठच्या चौकीवर जाऊन मोजपट्टी वाचायचं काम राजाराम नावाच्या शिपायाचं. त्यामुळे इतक्या नद्या सांभाळूनही साहेबांचा पाय एकाही नदीत ओला झाला नव्हता. डिप्लोमाच्या पुस्तकात कोलोरॅडोवर एक अख्खं प्रकरण होतं. ते त्यांना अजून जवळजवळ पाठ होतं. निदान या एका नदीची तरी कागदाबाहेर ओळख व्हावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

"मग बुडवा ना," संध्या म्हणाली. "ब्रोशरमध्ये राफ्टिंग लिहिलंय. म्हणजे पाणी असणारच."

हा निष्कर्ष एका इंजिनिअरने काढला होता, म्हणून दिगंबररावांनी तो मान्य केला.

सहलीत अठ्ठावीस सदस्य होते. प्रत्येकाला पिवळी टोपी आणि एक क्रमांक मिळाला. दिगंबरराव सतरा. अठरा क्रमांकाच्या सुनेत्राबाई देशकर नागपूरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. पटावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांचा मेळ घालण्यात त्यांची हयात गेली होती आणि त्यात त्या कधी कमी पडल्या नव्हत्या. सहलीचा म्होरक्या चंद्रशेखर हा तिशीचा, हसतमुख, गळ्यात शिट्टी घातलेला गृहस्थ.

"काका-काकू, नियम एकदम सिंपल आहे," गाडी सुटताना तो माइकवर म्हणाला. "मी शिट्टी मारली की एकापासून अठ्ठावीसपर्यंत आपापला नंबर ओरडायचा. अठ्ठावीस आकडा आला, मी ॲपवर बटण दाबलं, की पुण्याला आणि तुमच्या मुलांना एकदम मेसेज जातो, सगळे सुखरूप आहेत म्हणून. आकडा आला नाही तर चौकशी लागते. आणि चौकशी संपेपर्यंत जेवण वाढता येत नाही. हा माझा नियम नाही, हेड ऑफिसचा आहे."

शेवटच्या वाक्यांनी गाडीत जी शिस्त आली, ती चार दिवस टिकली.

पहिल्या दिवशी सेडोनाच्या तांबड्या डोंगरांत तारेवरून दरी ओलांडण्याचं साहस होतं. सगळ्यांना कंबरपट्टे बांधले, शिरस्त्राणं चढवली, एकेकाला मचाणावर उभं करून फोटो काढले आणि जिन्याने खाली उतरवलं. कार्यक्रमपत्रिकेत 'तीन दहा ते तीन पंचवीस: थरार. तीन पंचवीस: चहा' असं होतं. चहा तीन सव्वीसला आला, त्याबद्दल चंद्रशेखरने माफी मागितली.

"आणि तारेवरून जायचं कधी?" दिगंबररावांनी विचारलं.

"काका, थरार म्हणजे काय? पुढे काय होईल ते माहीत नसणं. मचाणावर तुम्हाला ते माहीत होतं का?"

"नव्हतं."

"मग झाला की थरार!" असं म्हणून त्याने त्यांच्या साहसपुस्तिकेत शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. 'दरी पाहणे' या बाबीला अकरा मिनिटं होती. त्यातली सहा समूहफोटोत गेली, कारण चौदा नंबरची टोपी वाऱ्याने उडाली आणि टोपीशिवाय फोटो ग्राह्य धरला जात नव्हता. दरीच्या तळाशी, मैलभर खोल, एक हिरवट दोरा पडल्यासारखा दिसत होता. हीच ती कोलोरॅडो. दिगंबरराव कठड्याला टेकून पाहत राहिले. शेजारून पाठीवर बोजे लादलेली गोरी मंडळी पायवाटेने खाली उतरत होती.

"थोडं खाली उतरता येईल का हो?"

"काका, दरी वरूनच दिसते," चंद्रशेखर शांतपणे म्हणाला. "खाली गेलं की माणूस दरीत असतो. मग दिसायचं कसं?"

दिगंबररावांनी सरकारी नोकरीत असा बिनतोड शेरा फारच थोड्या फायलींवर पाहिला होता. शिट्टी वाजली, आकडे झाले. सुनेत्राबाईंनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला.

"आगाशे भाऊ, तुम्ही कायले एवढा विचार करून राहिले? उद्या राफ्टिंग आहे न. बुडवा मग पाय, का बुडी मारा."

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी पेज गावाच्या अलीकडे, रस्ता थेट कोलोरॅडोच्या काठापर्यंत उतरतो अशा ठिकाणी वाहनतळावर थांबली. वाहनतळात एक ट्रॉली होती. ट्रॉलीवर रबरी तराफा होता. तराफ्याला लाकडी शिडी लावलेली होती. सदस्यांना केशरी जाकिटं देण्यात आली आणि सात-सातच्या तुकड्यांनी शिडीवरून तराफ्यात बसवण्यात आलं. चंद्रशेखरने झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेऊन प्रत्येकाच्या कपाळावर आणि चष्म्यावर थोडं थोडं पाणी उडवलं.

"वल्ही वर! सगळे ओरडा! सतरा नंबर, काका, जरा घाबरल्यासारखं करा!"

"कशाला घाबरू? ट्रॉली बांधलेली आहे."

"काका, फोटो घरी जातो."

दिगंबरराव घाबरले. फोटो उत्तम आला. कोन असा साधला होता, की मागे खरी नदी दिसावी आणि खाली ट्रॉलीची चाकं दिसू नयेत. शिडीवरून उतरताना सुनेत्राबाई म्हणाल्या, "बाप्पा, माझ्या तर पोटात गोळाच आला!" आणि त्यांना तो खरोखर आला असावा, कारण त्यांनी त्यावर लगेच लिंबाची गोळी घेतली.

"आता नदीवर कधी जायचं?" दिगंबररावांनी विचारलं.

"काका, राफ्टिंग झालं."

"ते झालं. पण नदी?"

चंद्रशेखरने त्यांना बाजूला घेतलं. पूर्वी तराफा पाण्यात सोडत असत. मग एका सदस्याचे मोजे भिजले आणि त्याच्या मुलाने तीन पानी तक्रार केली. तेव्हा तराफा काठाला बांधून ठेवू लागले. मग एकांना काठावर डुलल्यामुळे मळमळलं. तेव्हा तो वाळूत आणला. वाळू बुटात जाते म्हणून वाहनतळावर. "आणि काका, खरं सांगतो, तेव्हापासून सगळ्यांचे रिव्ह्यू पाच स्टार आहेत."

"मी एकटा जाऊन येतो. दोनशे पावलं तर आहे. पाच मिनिटं."

"जा ना. फक्त 'स्वतंत्र हालचालीचा अर्ज' लागेल. अठ्ठेचाळीस तास आधी."

अठ्ठेचाळीस तासांपूर्वी आपण मचाणावर उभे होतो आणि पुढे काय होईल हे आपल्याला माहीत नव्हतं, हे दिगंबररावांना आठवलं. त्यांनी मान डोलावली, स्वच्छतागृहाकडे निघाले, त्याच्या मागच्या बाजूने बाहेर पडले आणि अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, पूर्वपरवानगीवाचून नदीकडे चालू लागले.

इकडे गाडीत शिट्टी वाजली. पंधरा, सोळा झाले. सतरा आलं नाही. सुनेत्राबाईंनी खिडकीतून स्वच्छतागृहाकडे पाहिलं. बिचारे आगाशे भाऊ, वय झालं माणसाचं, वेळ लागतोच. उगाच चौकशी कशाला? शिवाय त्या संध्याकाळी श्रीखंड-पुरी होती. त्यांनी घसा जरा जाड करून "सतरा!" म्हटलं आणि आपल्या आवाजात "अठरा!" तेही एवढ्या सहजतेने, की ती तीस वर्षांची सवय असावी. आकडा अठ्ठावीसवर गेला. बटण दाबलं गेलं. गाडी सुटली.

दिगंबररावांनी तेव्हा बूट काढून नीट शेजारी-शेजारी ठेवले होते. उजव्या पायातला मोजा काढला. डावा काढायला धीर निघेना, म्हणून मोज्यासकट दोन्ही पाय त्यांनी पाण्यात घातले. पाणी इतकं गार होतं की त्यांच्या तोंडून पुस्तकातलं एकही वाक्य निघालं नाही, निघाला तो एक साधा, अशिक्षित "आई गं!" प्रवाह घोट्यांना धरून ओढत होता. तळव्याखालची वाळू सरकत होती. पाण्याची पातळी काय असेल, हा प्रश्न चौतीस वर्षांत प्रथमच त्यांच्या मनात आला नाही. पाच मिनिटांसाठी आलेला माणूस वीस मिनिटं उभा राहिला.

बूट हातात घेऊन ते वाहनतळावर परतले तेव्हा ट्रॉली होती, शिडी होती, गाडी नव्हती. मोबाइलला दोन काड्या रेंज होती. त्यांनी चंद्रशेखरला फोन लावला.

"मी आगाशे. सतरा नंबर. मी नदीवर राहिलो."

"काका, मस्करी नका करू," चंद्रशेखर हसला. "तुम्ही गाडीत आहात."

"मी गाडीत नाही. मी मला दिसतोय इथे."

पलीकडे चंद्रशेखर दोन पावलं मागे येऊन सतरा नंबरच्या आसनाकडे पाहत असावा. त्यावर चकल्यांचा डबा होता.

"काका, आकडा अठ्ठावीस आहे. तो मी वर पाठवलाय. तुम्ही थांबा, मी हेड ऑफिसला विचारतो."

पुण्यात पहाटेचे साडेतीन वाजले होते, तरी नियंत्रण कक्ष जागा होता. त्याने सात मिनिटांत लेखी उत्तर पाठवलं. गाडीतली संख्या प्रमाणित झालेली असून ती बदलता येणार नाही. फोन करणारी व्यक्ती खरोखरच सदस्य असल्यास गाडीत एक इसम जादा आहे. त्याचा तत्काळ शोध घेण्यात यावा.

तेव्हा गाडी रस्त्याकडेला उभी राहिली आणि जादा इसमाचा शोध सुरू झाला. पुन्हा शिट्टी, पुन्हा आकडे. आता आसन रिकामं आहे हे सुनेत्राबाईंनाही दिसत होतं. पण खरं सांगावं तर चौकशी, आणि चौकशी म्हणजे जेवण लांबलं. शिवाय मघाचं 'सतरा' कुणाचं, हाही प्रश्न निघाला असता. सोळा नंबरने त्यांच्याकडे पाहिलं. एकोणीस नंबरने पाहिलं. "सतरा!" सुनेत्राबाई जाड आवाजात म्हणाल्या, आणि मागून कुणीतरी, बहुधा खबरदारी म्हणून, "हजर!" असंही म्हटलं. आकडा अठ्ठावीस. जादा इसम सापडला नाही. गाडी पुढे गेली.

दिगंबररावांनी मुलीला फोन केला.

"बाबा! काय सही फोटो आलाय! राफ्टिंग केलंत तुम्ही? मी लगेच सगळ्यांना फॉरवर्ड केला."

"संध्या, ऐक. मी नदीकाठी एकटा आहे. गाडी निघून गेली."

"बाबा, आत्ताच दुसऱ्यांदा मेसेज आला, सुखरूप गाडीत म्हणून. उन्हाचा त्रास होतोय का? पाणी पिताय ना? शेजारच्या काकूंना द्या बरं फोन."

शेजारी काकू नव्हत्या. दिगंबरराव शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांना राजाराम आठवला. एका वर्षी जूनच्या पुरात चौकीची मोजपट्टीच वाहून गेली होती, आणि तरी ऑक्टोबरपर्यंत राजारामकडून रोज पातळी येत राहिली, दोन दशांश स्थळांपर्यंत. दिगंबररावांनी प्रत्येक पातळी तपासून खाली सही केली होती. मध्ये एकदा काठावरचा विष्णू कुंभार कंबरेपर्यंत भिजून कचेरीत आला. "साहेब, घरात पाणी शिरलंय." दिगंबररावांनी त्याच्यापुढे वही ठेवली. पातळी धोक्याच्या रेषेच्या बरीच खाली होती. विष्णूने वही पाहिली, नमस्कार केला आणि निघून गेला. वही चुकली असेल, हे त्याच्याही मनात आलं नाही. त्याच्या पायांचे ओले ठसे मात्र संध्याकाळपर्यंत फरशीवर होते आणि दिगंबररावांनी शिपायाकडून ते पुसून घेतले होते.

दिगंबररावांनी खाली पाहिलं. सिमेंटवर त्यांचे स्वतःचे ओले ठसे होते. ॲरिझोनाच्या उन्हात ते शिपायावाचूनच वाळत होते.

अखेर राष्ट्रीय उद्यान खात्याची एक रेंजर बाई गस्तीवर आली. "सर, आर यू लॉस्ट?"

"नो, मॅडम. आय नो व्हेअर आय ॲम. माय ग्रुप डज नॉट."

तिने कंपनीला फोन लावला. आमचा कोणीही हरवलेला नाही, असं तिला नम्रपणे सांगण्यात आलं. हरवल्याची तक्रार नाही, तेव्हा सापडल्याची नोंदही करता येईना. ती भली होती. तिची पाळी संपत होती आणि सहलीचं हॉटेल होतं त्या पेजलाच ती राहत होती. तिने त्यांना आपल्या गाडीत बसवलं, वाटेत पूल दाखवला, नदीचं दोन वेळा नाव घेतलं. कागदावाचून झालेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रवास.

सात वाजता ते हॉटेलच्या भोजनकक्षात शिरले. श्रीखंड संपत आलं होतं. सुनेत्राबाईंनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा घास हातात राहिला.

"आले का भाऊ! मले वाटलंच, येतील म्हणून. म्हणूनच मी तुमचा नंबर लावून ठेवला न."

"काका, प्रॉब्लेम असा आहे," चंद्रशेखर खालच्या आवाजात म्हणाला, "की जेवणाची हजेरी झाली. तुम्ही आता हजर झालात तर एकोणतीस होतात. आणि सतरा नंबरचं ताट वाढून, खाऊन झालंय."

"मग सतरा खोडा आणि पुन्हा लिहा."

"ॲपमध्ये खोडता येत नाही. वाढवता येतं." त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हाला पाहुणा म्हणून घेतो! सतरा नंबरचा पाहुणा. फक्त यजमानाची संमती लागेल."

दिगंबररावांनी यजमान म्हणून एक सही केली आणि पाहुणा म्हणून दुसरी. दोन्ही सह्या सारख्या आहेत, हे चंद्रशेखरने तपासलं नाही. तपासणं कुठल्याच कलमात नव्हतं.

चौथ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. सतरा क्रमांकाला 'कोलोरॅडोच्या रौद्र प्रवाहावर निर्भयपणे मात केल्याबद्दल' सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं. पाहुण्याला काही नव्हतं.

चँडलरला आल्यावर त्यांनी संध्याला सगळं सांगितलं. ती हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना!" पुरावा म्हणून ते डावा मोजा आणायला गेले, त्यात नदीची तांबूस वाळू अजून होती. पण संध्याने सकाळीच कपडे मशिनला लावले होते. नदी तासाभराने धुऊन, वाळून, घडी होऊन कपाटात गेली.

पुढच्या रविवारी महाराष्ट्र मंडळात 'माझं अमेरिकन साहस' या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. दिगंबररावांनी खरं सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी सांगितलंही. गार पाणी, सरकणारी वाळू, तो "आई गं!" सभागृह चुळबुळलं. पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "त्याचा फोटो नाही का?"

"त्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

दिगंबररावांनी क्षणभर विचार केला आणि तराफ्याचा फोटो पडद्यावर लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग प्रश्न आले. एकंदर अकरा. त्यांपैकी नऊ जेवणाबद्दल होते, एक आसनं पुढची मिळतात का याबद्दल, आणि एक, गुडघे दुखणाऱ्यांना हे साहस झेपेल का, असा. दिगंबरराव म्हणाले, अगदी सहज झेपेल. पुढच्या महिन्याच्या तुकडीसाठी तिथल्या तिथे एकोणीस नावं आली.

शेवटी अध्यक्षांनी उपस्थितीची वही पुढे केली. वक्त्याने सही करून संख्या प्रमाणित करायची असा मंडळाचा प्रघात. वहीत बासष्ट सह्या होत्या. दिगंबररावांनी जुन्या सवयीने खुर्च्यांवरून नजर फिरवली. एक्केचाळीस डोकी भरली. त्यांनी पेन उघडलं, खाली ओळ मारली आणि 'तपासले' असं लिहून सही केली. उरलेल्या एकवीस जणांनाही व्याख्यान अतिशय आवडल्याची नोंद मंडळाच्या अहवालात आहे.

ही हकिकत वाचणाऱ्यांचीही मोजणी नुकतीच झाली. आकडा बरोबर आला आहे. तेव्हा ज्यांनी नदीचा मजकूर गाळून थेट श्रीखंडावर उडी घेतली, त्यांनी काळजी करू नये. त्यांचा नंबर शेजारच्याने पुकारलेला आहे.